तळ्यातले मासे पहाटेच का मरतात?

गोड्या पाण्याच्या तलावात मेलेले मासे तरंगू लागले की पहिला संशय विषाचा घेतला जातो. वरच्या अंगाच्या कारखान्याने काही सोडले असेल, शेतातले कीटकनाशक पावसाबरोबर उतरले असेल, किंवा तलावाच्या ठेक्यावरून भांडण असलेल्या कोणी रात्रीतून काही कालवले असेल, असे तर्क सुरू होतात. पाणी हिरवेगार असेल तर बोट शेवाळाकडे वळते, आणि विषारी शैवालाने मासे मेले असे निदान होऊन प्रकरण मिटते. यांपैकी प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे खरी ठरलेली आहे; तथापि साचलेल्या, उथळ आणि हिरव्या पाण्यात मासे एकदम मोठ्या संख्येने मरतात तेव्हा त्याचे सर्वांत नेहमीचे कारण विषबाधा नसून गुदमरणे हे असते. शैवालाचे विष खोटे नाही, पण त्याचा धोका माशांपेक्षा त्या पाण्यावर येणाऱ्या गुराढोरांना आणि ते पाणी पिणाऱ्या माणसांना अधिक असतो. हे दोन्ही अनर्थ एकाच मुळातून उगवत असले तरी त्यांची रीत वेगळी आहे, आणि ती वेगळी आहे हे ध्यानात न घेता केलेले उपाय पुष्कळदा मूळ रोगापेक्षा महाग पडतात.

ज्याला व्यवहारात हिरवे शेवाळ म्हटले जाते त्यात अनेक जातींची सरमिसळ असते. काठावरच्या दगडांना चिकटणारे, हाताला तंतूंसारखे लागणारे शेवाळ बहुधा निरुपद्रवी असते. प्रश्न असतो तो पाण्यात कणाकणाने विखुरलेल्या नीलहरित शैवालाचा. नावात शैवाल असले तरी हे सजीव जीवाणूंच्या गटातले आहेत, कारण त्यांच्या पेशीत केंद्रक नसते; मात्र वनस्पतींप्रमाणे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून ऑक्सिजन बाहेर टाकण्याची क्षमता त्यांच्यात असते. पृथ्वीच्या वातावरणातला ऑक्सिजन मुळात ज्यांच्या पूर्वजांनी साठवला, त्यांच्याच वंशजांच्या गर्दीत माशांना ऑक्सिजन मिळू नये, हा निसर्गाचा एक चमत्कारिक न्याय म्हटला पाहिजे. या गटातली मायक्रोसिस्टिस ही प्रजाती आपल्याकडच्या तलावांत विशेष आढळते. तिच्या पेशींत हवेने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांच्या आधारे ती पाण्यात वरखाली होऊ शकते, आणि वारा पडलेल्या दिवशी पृष्ठभागावर येऊन खालच्या इतर शैवालांचा प्रकाश अडवते. तिच्या पेशी चिकट आवरणात एकत्र राहून वसाहती करतात, त्यामुळे शैवाल खाऊन जगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांना त्या गिळता येत नाहीत. प्रकाश मिळवण्यात सरस आणि भक्षकांपासून सुरक्षित असलेला हा जीव उबदार पाण्यात भरपूर खाद्य मिळाले की काही दिवसांत अख्खे तळे व्यापतो. या अवस्थेला शैवालबहर असे म्हणतात. वाऱ्याने हा बहर एका काठाला लोटला की तिथे ताज्या तैलरंगासारखा जाड, चकाकता थर साचतो.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ही फार तुटपुंजी पुंजी असते. हवेचा सुमारे पाचवा हिस्सा ऑक्सिजनचा असतो, पण ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात नैसर्गिकपणे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, आणि पाणी जितके तापते तितका तो आणखी कमी मावतो. रोहू, कटला, मृगल या आपल्या नेहमीच्या माशांना सुखाने वाढण्यासाठी लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो; तो ३ च्या खाली गेला की त्यांची तगमग सुरू होते आणि १ च्या खाली ते फार वेळ तग धरू शकत नाहीत. शैवालाने भरलेल्या तळ्यात हा आकडा दिवसभर स्थिर राहत नाही. उन्हात शैवाल इतका ऑक्सिजन सोडते की दुपारी पाण्यात त्याचे प्रमाण नैसर्गिक मर्यादेच्या दुप्पटही होते; सूर्य मावळल्यावर मात्र तेच शैवाल, मासे आणि तळाशी कुजणाऱ्या पदार्थांवरचे जीवाणू असे सगळे मिळून साठलेला ऑक्सिजन वापरू लागतात, आणि नवा ऑक्सिजन तयार करणारे कोणीच उरत नाही. रात्रभर हा खर्च चालून पहाटे शिल्लक नीचांकाला पोचते. म्हणून मासे पहाटे मरतात, दुपारी नव्हे.

या वेळापत्रकाचा एक परिणाम चौकशीवर होतो. मेलेल्या माशांची बातमी सकाळी उठते, संबंधित अधिकारी दुपारच्या सुमारास पोचतात, बाटलीत पाणी भरतात, आणि प्रयोगशाळेचा अहवाल सांगतो की ऑक्सिजनचे प्रमाण समाधानकारक, किंबहुना उत्तम आहे. अहवाल खोटा नसतो, फक्त तो वेगळ्याच वेळेचा असतो. मग ऑक्सिजन पुरेसा होता त्या अर्थी पाण्यात विषच असले पाहिजे, असा निष्कर्ष निघतो आणि शोध भलत्याच दिशेने जातो. खरे मोजमाप सूर्योदयापूर्वीच्या तासाभरात, आणि तेही पृष्ठभागाबरोबर तळालगतच्या पाण्याचे घेतले पाहिजे. अलीकडे हातात धरण्याजोगे ऑक्सिजनमापक सहज मिळू लागल्याने यात तांत्रिक अडचण उरलेली नाही. अडचण आहे ती कचेरीच्या वेळेची.

मोजमाप हाती नसले तरी मेलेले मासे स्वतःच बरेच सांगतात. ऑक्सिजनच्या तुटवड्यात मोठ्या माशांचे हाल बहुधा आधी होतात. ते पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करतात, पाणी येणाऱ्या मोरीपाशी गर्दी करतात, आणि त्याच तळ्यातले मरळ, मागूर, शिंगी हे मासे खुशाल जिवंत राहतात, कारण त्यांना थेट हवेतून श्वास घेता येतो. कीटकनाशकासारखे विष पाण्यात आले असेल तर लहान पिल्ले, पाण्यातले किडे आणि कोळंबीही मरतात, आणि मृत्यूला पहाटेचा मुहूर्त लागत नाही. मरळ आणि कटला शेजारी शेजारी मेलेले आढळले तर विषाचा संशय रास्त ठरतो. आणखी एक मारेकरी दुपारी काम करतो. दाट शैवाल पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे पाणी अल्कधर्मी बनते, आणि माशांच्या विष्ठेतून व सांडपाण्यातून आलेल्या अमोनियाचे रूप पालटते. पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्क मोजण्याचा अंक, ७ असताना एकूण अमोनियापैकी शंभरातला एक भागही विषारी वायुरूपात नसतो. तोच अंक ९ झाला की उबदार पाण्यात एक तृतीयांशाहून अधिक अमोनिया त्या रूपात जातो आणि कल्ल्यांना जाळतो. अमोनियाने दुपारी अर्धमेले झालेले मासे पहाटेच्या तुटवड्याला सहज बळी पडतात.

हिरव्या तळ्यात रोजच असे चालत असेल तर मासे रोज का मरत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर हवामानात आहे. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते व खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहते. दोन्ही थर मिसळत नाहीत. वरून मेलेले शैवाल खाली पडत राहते, तळाशी कुजते, आणि तळचा ऑक्सिजन संपून तिथे कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड साचतो. मासे वरच्या थरात कसेबसे दिवस काढतात. मग एखाद्या संध्याकाळी वळवाचा पाऊस येतो, वरचे पाणी एकदम गार होऊन खाली बसते, तळचे मेलेले पाणी वर येते, आणि वर जो काही ऑक्सिजन होता तो दोन्हीत वाटला जाऊन कुणालाच पुरत नाही. त्यात दोन दिवस आभाळ राहिले तर दिवसाची भरपाईही होत नाही. पहिल्या पावसाबरोबर मासे मेल्याच्या ज्या बातम्या येतात, त्यांतील पुष्कळांमागे पावसाने वाहून आणलेल्या घाणीइतकीच ही उलथापालथ असते.

या घटनाक्रमाचा बारकाईने तपासलेला दाखला ऑस्ट्रेलियातला आहे. न्यू साउथ वेल्स राज्यात मेनिंडी या गावाजवळ डार्लिंग नदीच्या बंधाऱ्यांमागे २०१८ च्या अखेरीस दुष्काळामुळे प्रवाह थांबला, साचलेल्या पाण्यात नीलहरित शैवालाचा प्रचंड बहर आला, आणि डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात तीन वेळा मिळून लाखो मासे मेले. त्यांत कित्येक दशके जगलेले भले थोरले मरे कॉड मासेही होते. सुरुवातीला शैवालाच्या विषाकडेच लोकांचे लक्ष गेले. ऑस्ट्रेलियन अकॅडमी ऑफ सायन्सच्या तज्ज्ञांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये दिलेल्या अहवालात मात्र कारण वेगळे निघाले: पाण्यात थर पडले होते, तळ ऑक्सिजनहीन झाला होता, आणि कडक उन्हाळ्यात मध्येच आलेल्या थंड हवेने ते थर मोडले. थंड हवा हे अखेरचे निमित्त झाले. नदीचे पाणी वरच्या बाजूला वर्षानुवर्षे जास्त उचलले गेल्याने ती तळ्यासारखी साचली होती, हे मूळ कारण अहवालाने स्पष्टपणे नोंदवले. मार्च २०२३ मध्ये त्याच ठिकाणी पुन्हा कोट्यवधी मासे मेले.

आता विषाकडे वळता येईल, कारण ते नाही असे समजणे हा दुसऱ्या टोकाचा भ्रम ठरेल. दक्षिण ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराच्या काठी शैवालाचा थर प्यालेली मेंढरे, घोडे आणि कुत्री काही तासांत मरत असल्याचे जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ साली 'नेचर' या नियतकालिकात लिहिले, आणि तेव्हापासून या विषांचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला असे मानले जाते. मायक्रोसिस्टिन हे त्यांतले सर्वांत परिचित विष सात अमिनो आम्लांच्या कड्याचे बनलेले असून त्याचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. ते यकृताच्या पेशींत शिरून तेथील नियंत्रक प्रथिने निकामी करते. अॅनाटॉक्सिन आणि सॅक्सिटॉक्सिन ही विषे मज्जासंस्थेवर आघात करतात. एकाच प्रजातीतले काही वाण विष तयार करतात व काही करत नाहीत, त्यामुळे पाण्याच्या रंगावरून किंवा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही विषाचा निर्वाळा देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभर पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकाराची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, इतकी ठेवली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात ही मर्यादा ओलांडली गेली तेव्हा ईरी सरोवराच्या काठी असूनही सुमारे ५ लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नये असे सांगावे लागले. सर्वांत भीषण घटना ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ साली घडली. तिथे रक्तशुद्धीकरण केंद्रात वापरलेल्या पाण्यातून हे विष थेट रुग्णांच्या रक्तात गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले.

सामान्य वाचकाने यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पाणी उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात अधिक मोकळे होऊ शकते. आणि बहर असलेल्या तळ्यात तरंगणारा मेलेला मासा, मग तो गुदमरून मेला असला तरी, घरी नेऊ नये. जिवंत पकडलेल्या माशाच्याही यकृतात व आतड्यांत विषाचा अंश मांसापेक्षा बराच अधिक असतो, म्हणून ते भाग काढून टाकणे शहाणपणाचे. अशा तळ्यातल्या माशाला जो मातकट वास येतो तो मात्र या विषाचा नसतो. तो जिओस्मिन या द्रव्याचा असतो, आणि पहिल्या पावसात तापलेल्या मातीतून जो सुगंध उठतो त्यातही तेच द्रव्य असते.

शेवाळ मारण्यासाठी तळ्यात मोरचूद टाकण्याची पद्धत जुनी आहे, आणि द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण वापरणाऱ्या शेतकऱ्याला मोरचूदाचा परिणाम ठाऊकही असतो. बहर पूर्ण भरात असताना मात्र हा उपाय दोन्ही बाजूंनी घात करतो. सगळे शैवाल एकदम मेल्याने ते कुजवण्यासाठी जीवाणू राहिलेला ऑक्सिजन संपवतात, आणि पेशींत बंदिस्त असलेले विष एकाच वेळी पाण्यात उतरते. ऑस्ट्रेलियाच्या पाम बेटावर १९७९ साली पिण्याच्या पाण्याच्या धरणात आलेल्या बहरावर मोरचूद टाकला गेला, आणि त्यानंतर काही दिवसांतच १३८ मुले व १० प्रौढ यकृत-मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडले. त्या आजाराचा माग काढतानाच सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन हे नवे विष सापडले. शैवाल खाईल म्हणून चंदेरा मासा सोडण्याचा सल्लाही सरसकट उपयोगी नाही, कारण मायक्रोसिस्टिसच्या वसाहती त्याच्या आतड्यातून पुष्कळदा जिवंतच बाहेर पडतात.

मग हे शैवाल इतके पोसते कशावर? पाण्यात वनस्पतींचे खाद्य वाजवीपेक्षा वाढण्याच्या या अवस्थेला सुपोषण म्हणतात, आणि गोड्या पाण्यात त्याची नाडी बहुतेक वेळा फॉस्फरस या मूलद्रव्याच्या हाती असते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाचे एक लहान सरोवर मधोमध प्लॅस्टिकच्या पडद्याने विभागले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकले, एका भागात त्याबरोबर फॉस्फरसही टाकला, आणि फक्त तोच भाग हिरवा झाला. आकाशातून घेतलेल्या त्या सरोवराच्या छायाचित्राने जे काम केले ते शेकडो पानांच्या अहवालांना जमले नसते: कपडे धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटवर निर्बंध आणण्याच्या मागणीला त्याने मोठे बळ दिले. नायट्रोजनचा वाटाही काही सरोवरांत महत्त्वाचा असल्याचे नंतरच्या संशोधनाने दाखवले आहे, परंतु नीलहरित शैवालाच्या अनेक जाती हवेतला नायट्रोजन स्वतः घेऊ शकतात आणि फॉस्फरस हवेतून मिळत नाही, हा फरक उरतोच.

फॉस्फरसाचा हिशेब मांडला की प्रश्नाचे खरे आकारमान कळते. १ ग्रॅम फॉस्फरसावर १०० ग्रॅमहून अधिक कोरडे शैवाल तयार होऊ शकते, आणि तेवढे शैवाल पूर्णपणे कुजायला सुमारे १४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे ३० अंशांच्या सुमारे १९,००० लिटर पाण्यातला सगळाच्या सगळा ऑक्सिजन. एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण १ ग्रॅम किंवा त्याहून थोडा अधिक फॉस्फरस बाहेर पडतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून जिथे पोचते त्या उजनीचे पाणी उन्हाळ्यात हिरवे का दिसते, किंवा कोल्हापूरच्या रंकाळ्यावर, शालिनी पॅलेससमोरच्या त्या देखण्या पाण्यावर, नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्यामुळे मायक्रोसिस्टिसचे थर वर्षानुवर्षे का येत राहिले, याचे उत्तर या गणितात आहे. उजनीचे पाणी सोलापूरकर पितात, म्हणून तिथला प्रश्न केवळ चिलापी पकडणाऱ्या मच्छीमारांचा राहत नाही.

सांडपाणी शुद्ध करून सोडले की हा प्रश्न मिटेल, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. नेहमीचे शुद्धीकरण केंद्र मुख्यतः कुजणारे पदार्थ काढते. फॉस्फरसाचा थोडाच भाग त्यात अडतो आणि उरलेला स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याबरोबर पुढे जातो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१७ साली अशा केंद्रांसाठी जी मानके अधिसूचित केली त्यांत सामू, जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, पाण्यात तरंगणारे घन कण आणि विष्ठेतून येणारे जीवाणू एवढ्यांचीच मर्यादा होती. फॉस्फरस त्या यादीत नव्हता. जे मोजायचेच नाही ते अडवण्यासाठी कोणती नगरपालिका पैसे खर्च करील? तलावाच्या मध्यभागी रंगीत दिव्यांचे कारंजे बसवणे त्यामानाने सोपे असते, आणि त्याने पृष्ठभागाच्या थोड्या पाण्याला हवा मिळते हेही खरे; पण ते संध्याकाळी लोक फिरायला येतात तेव्हा चालते आणि पहाटे, गरजेच्या वेळी, बंद असते.

सांडपाण्याशिवाय अन्न घालणारे हातही मोजावे लागतात. मुंबईच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या एकाहून अधिक वर्षी आल्या आहेत. तिथे बहराची वाटही पाहावी लागत नाही, भात, पीठ आणि निर्माल्य थेट कुजून ऑक्सिजन संपवतात. पुण्यकर्म म्हणून माशांना घातलेल्या कणकेच्या गोळ्यांचेही, त्या खाल्ल्या न गेल्यास, हेच होते.

शेततळ्यात किंवा ठेक्याच्या तलावात मत्स्यपालन करणाऱ्याला शुद्धीकरण केंद्रे किंवा मानके यांची वाट पाहता येत नाही, पण त्याच्या हाती काही साध्या खुणा असतात. हात कोपरापर्यंत पाण्यात घालून तळवा दिसेनासा झाला तर पाणी फार दाट झाले असे समजून शेण, खत व खाद्य थांबवावे. त्या पाण्याची काचेची बाटली रात्रभर स्थिर ठेवावी. सकाळी हिरवा थर वर तरंगताना दिसला तर ते बहुधा नीलहरित शैवाल असते, कारण इतर बहुतेक हिरवी शैवाले बुडतात. आभाळाच्या दिवसांत खाद्य बंद ठेवणे, एरेटर दिवसा नव्हे तर मध्यरात्रीनंतर चालवणे, आणि बोटुकली सोडताना हाव न धरणे यांनी जेवढे मासे वाचतात तेवढे कोणत्याही पुडीतल्या जीवाणू-मिश्रणाने वाचल्याचे दिसत नाही.

तलाव बरे होतात, याचाही पुरावा आहे. अमेरिकेतील सिअॅटल शहरालगतच्या वॉशिंग्टन सरोवरात जाणारे सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने वळवण्यात आले, आणि ज्या पाण्यात एक मीटरही खाली दिसत नव्हते तिथे पुढच्या दशकात तीन मीटरपर्यंत दिसू लागले. ते सरोवर मात्र खोल आहे. उथळ तलावात वर्षानुवर्षांचा फॉस्फरस तळच्या गाळात लोहाशी बांधलेला असतो, तळ ऑक्सिजनहीन झाला की ती बांधणी सुटते, आणि नाले बंद केल्यावरही तलाव स्वतःच्या साठ्यावर १० ते १५ वर्षे हिरवा राहू शकतो. म्हणून नाला आधी आणि गाळ नंतर हा क्रम मोडता येत नाही. सांडपाणी चालू ठेवून उपसलेला गाळ पुन्हा भरून येतो. भंडारा-गोंदिया भागातल्या मालगुजारी तलावांचा गाळ उन्हाळ्यात शेतात नेण्याची जुनी रीत होती, आणि २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तीच गोष्ट शासनाने हाती घेतली आहे. तळ्यात जो फॉस्फरस माशांचा जीव घेतो तोच शेतात पिकाला लागतो, त्यामुळे खेड्यातल्या तलावांसाठी यासारखा दुसरा उपाय नाही. शहरातल्या तलावाच्या गाळात मात्र नाल्यांतून आलेले आणि मूर्तींच्या रंगांतून उतरलेले जड धातू असू शकतात. तो शेतात टाकण्यापूर्वी तपासावा लागतो, आणि तपासणीत नापास झाल्यास तो ठेवायचा कुठे हे पहिला ट्रक भरण्यापूर्वीच ठरवावे लागते.